विज्ञान भवन (नवी दिल्ली)

विज्ञान भवन हे नवी दिल्लीतील मौलाना आझाद मार्गावर असलेले भारत सरकारचे परिषदगृह आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेचे (युनेस्को) नववे महाअधिवेशन १९५६ मध्ये दिल्लीत भरले, त्यासाठी ही वास्तू उभारण्यात आली. पुढील सुमारे अर्धशतक भारतात भरलेल्या बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा येथेच झाल्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील वास्तुविशारद गेहलोत यांनी तिचा आराखडा केला. दर्शनी भागातील चैत्यकमानीचे प्रवेशद्वार ही या इमारतीची ओळख आहे. ही कमान अजिंठ्यासारख्या महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांवरून घेतलेली आहे. इमारतीची व्यवस्था केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या संपदा संचालनालयाकडे आहे. सेंट्रल व्हिस्टा पुनर्विकास योजनेत पाडावयाच्या इमारतींच्या यादीत तिचा समावेश झाल्यापासून तिच्या वारसामूल्याची चर्चा सुरू झाली.

नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की ही एखादी वैज्ञानिक संस्था असावी. प्रत्यक्षात येथे प्रयोगशाळा नाही, संग्रहालय नाही आणि संशोधनही चालत नाही. हे केवळ सभांचे घर आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नवी दिल्लीत मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी स्वतंत्र वास्तू नव्हती. एडविन लट्येन्स व हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या राजधानीत राजभवन होते, सचिवालय होते, विधिमंडळाचे वर्तुळाकार भवन होते. परंतु अनेक देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून, आपापल्या भाषेत ऐकत चर्चा करावी अशी जागा नव्हती. साम्राज्याच्या राजधानीला तिची गरजही भासली नसावी.

युनेस्कोने आपली महाअधिवेशने केवळ पॅरिसमध्येच न भरवता निरनिराळ्या देशांत भरवावीत, असा प्रघात सुरुवातीच्या वर्षांत होता. मेक्सिको सिटी (१९४७), बैरूत (१९४८), फ्लॉरेन्स (१९५०) व माँतेविदेओ (१९५४) यांच्यानंतर १९५६ चा मान दिल्लीला मिळाला. आमंत्रण स्वीकारले गेले म्हणजे सभागृहाबरोबरच प्रतिनिधींच्या निवासाचीही सोय करणे आले. त्यातून दोन इमारती जवळजवळ एकाच वेळी उभ्या राहिल्या. एक विज्ञान भवन, आणि दुसरी चाणक्यपुरीतील अशोक हॉटेल. हॉटेलचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद बी. ई. डॉक्टर यांचा होता. तेथे छत्र्या, झरोके व जाळ्या यांचा मुबलक वापर करून राजपूत-मुघल वळण आणले गेले, तर विज्ञान भवनात बौद्ध वळण निवडले गेले. एकाच परिषदेच्या निमित्ताने, एकाच सरकारने, एकाच शहरात भारतीयत्वाची अशी दोन निराळी उत्तरे दिली. त्या दशकातील वास्तुविषयक संभ्रम समजण्यास ही जोडी उपयोगी पडते.

१९५६ हे वर्ष इतर कारणांनीही लक्षात राहण्याजोगे आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २,५०० वर्षे देशभर साजरी होत होती आणि त्यानिमित्त दलाई लामा व पंचेन लामा भारतात आले होते. १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ५ नोव्हेंबर १९५६ रोजी, युनेस्कोचे अधिवेशन सुरू झाले. अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष राजमुद्रा म्हणून व अशोकचक्र ध्वजावर स्वीकारणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाने आपल्या पहिल्या परिषदगृहाच्या दारावर चैत्यकमान बसवावी, हे या पार्श्वभूमीवर सुसंगतच वाटते.

युनेस्कोचे महाअधिवेशन, १९५६

अधिवेशनाचे अध्यक्षपद तत्कालीन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडे होते. ज्या मार्गावर विज्ञान भवन उभे आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. सुएझ व हंगेरी येथील संकटे ऐन भरात असताना हे अधिवेशन सुरू झाले. ते ५ डिसेंबरपर्यंत, म्हणजे महिनाभर चालले.

येथे घेतलेल्या दोन निर्णयांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पूर्व व पश्चिमेकडील सांस्कृतिक मूल्यांचे परस्परांना आकलन व्हावे यासाठी युनेस्कोने एक दीर्घ मुदतीचा प्रमुख प्रकल्प येथे मंजूर केला. दुसरा निर्णय पुरातत्त्वाचा आहे. उत्खनने कोणत्या तत्त्वांनुसार व्हावीत, सापडलेल्या वस्तूंचे काय करावे, परकीय उत्खनन पथकांवर कोणती बंधने असावीत यासंबंधीची आंतरराष्ट्रीय शिफारस ५ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत संमत झाली. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत ती दिल्ली शिफारस म्हणून परिचित आहे. खुद्द युनेस्कोला पॅरिसमध्ये स्वतःची मुख्यालयाची इमारत यानंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये मिळाली.

वास्तुरचना

इमारतीचा मूळ विचार आधुनिक आहे. मध्यभागी मोठे सभागृह, त्याच्याभोवती लहान सभागृहे व समितीकक्ष, आणि या सर्वांना जोडणारी प्रशस्त दालने अशी तिची मांडणी आहे. मुख्य सभागृहात १,२०० हून अधिक व्यक्ती बसू शकतात. लहान सभागृहे सहा असून त्यांची क्षमता काही डझनांपासून सुमारे चारशेपर्यंत आहे. वक्त्याचे भाषण चालू असतानाच त्याचा निरनिराळ्या भाषांतील अनुवाद श्रोत्यांना कानाशी ऐकू यावा, ही युनेस्कोसारख्या संघटनेची प्राथमिक गरज होती. आंतरराष्ट्रीय परिषदगृह व साधे नाट्यगृह यांतील खरा फरक या अनुवादकांच्या सोयीत आहे. पुढे वाढत्या गरजेनुसार शेजारी विज्ञान भवन अ‍ॅनेक्सी ही पूरक इमारत आली. तिच्यात प्रामुख्याने समितीकक्ष आहेत.

बाह्यरूपात इमारत लट्येन्सच्या दिल्लीशी फारसे भांडत नाही. तिची उंची मर्यादित आहे. फिकट भिंती, आडव्या रेषांवर भर, सावलीसाठी छज्जे अशी तिची साधारण ठेवण आहे. या शांत दर्शनी भागाच्या मध्यावर हिरव्या संगमरवराने मढवलेले भव्य प्रवेशद्वार पुढे येते आणि त्यात नालाच्या आकाराची, वर टोक काढलेली चैत्यकमान बसवलेली आहे. पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती हीच.

चैत्यकमानीचे मूळ

महाराष्ट्रातील वाचकाला ही कमान ओळखीची आहे. भाजे, कार्ले, बेडसे, अजिंठा, नाशिक येथील लेण्यांच्या दर्शनी भागावर ती दिसते. कडेगाव-विट्याकडून पश्चिमेस कऱ्हाडला गेल्यावर आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. तेथील कोरीवकाम कार्ल्याच्या मानाने अगदी साधे आहे. तरीही कृष्णाकाठच्या या भागापर्यंत ती परंपरा पोहोचली होती, याची ती साक्ष आहे.

चैत्यगृह म्हणजे स्तूप मध्ये ठेवून भिक्षू व उपासक ज्यात एकत्र जमत, असे लांबट व पाठीमागे अर्धवर्तुळाकार होत गेलेले दालन. त्याचे छत गजपृष्ठाकार असते. डोंगरात खोदलेल्या अशा दालनाला खिडक्या ठेवता येत नाहीत. म्हणून दारावर एकच प्रचंड गवाक्ष ठेवून त्यातून आत प्रकाश घेतला जाई. कार्ल्याच्या चैत्यगृहात हा प्रकाश खांबांच्या दोन रांगांमधून थेट स्तूपावर जातो. त्या गवाक्षाची कड छताच्या आकाराप्रमाणे वळलेली असते, आणि नालाकृती चैत्यकमान ती हीच. पुढच्या काळात, अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत, ती अधिक अलंकृत झाली. लहान आकारात ती नुसती नक्षी म्हणूनही सर्वत्र वापरली जाऊ लागली.

या आकारात एक गंमत दडलेली आहे. कमान दगडात कोरलेली असली तरी तिचा जन्म लाकडात झाला. लाकडाच्या वळवलेल्या फासळ्या, त्यांवरील तुळया, त्यांची बाहेर आलेली टोके हे सारे लेणी खोदणाऱ्यांनी दगडात हुबेहूब उतरवले. कार्ल्याच्या छताला तर खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या असून त्या आजही पाहता येतात. छत अखंड डोंगराचे असल्यामुळे या फासळ्या कोणताही भार पेलत नाहीत. जुन्या सुतारकामाची आठवण एवढेच त्यांचे प्रयोजन.

शैलीविषयक वाद

विज्ञान भवनावरील मुख्य आक्षेप समजून घेण्यासाठी वरील तपशील ध्यानात ठेवावा लागतो. आधुनिकतावादी वास्तुविशारदांचे म्हणणे असे की, नव्या बांधणीच्या इमारतीला प्राचीन कमान चिकटवल्याने ती भारतीय होत नाही. ही कमान भार पेलत नाही, कार्ल्याप्रमाणे आतल्या सभेवर प्रकाशही पाडत नाही, ती केवळ चिन्ह आहे. आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे प्रकाशाचा, बिनतोड आहे. पहिला भाग मात्र तितकासा टिकत नाही, कारण भार न पेलणारी, जुन्या साहित्याची आठवण नव्या साहित्यात जपणारी कमान ही खुद्द लेण्यांचीच रीत होती. लाकडाची कमान दगडात आली आणि दगडाची संगमरवरी मुलाम्यावर आली, इतकाच पुढचा टप्पा येथे घडला.

हा वाद एका इमारतीपुरता नव्हता. याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा गणेश भिकाजी देवळालीकर यांनी केला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे प्रमुखपद भूषविणारे ते पहिले भारतीय. घुमट व स्तंभयुक्त वऱ्हांडे वापरून त्यांनी बेकर-लट्येन्स यांच्या वळणालाच पुढे नेले. १९५८ मध्ये न्यायालय त्या इमारतीत गेले. दुसऱ्या टोकाला अच्युत कानविंदे होते. सिंधुदुर्गातील आचरा येथे जन्मलेल्या कानविंद्यांनी अमेरिकेत शिक्षण घेऊन परतल्यावर अलंकरण बाजूला ठेवून उपयोग व हवामान यांवर आधारलेल्या वास्तू उभारल्या. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला. त्याच्या आयोजनाची धुरा कानविंदे यांनी वाहिली आणि उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. सरकारी वास्तूंनी भूतकाळाकडे पाहावे की नाही, हा तेथे चर्चेचा एक केंद्रीय प्रश्न होता.

परिषदगृहाचे आणखी एक निराळे उत्तर १९६२ मध्ये लोदी उद्यानालगत उभे राहिले. इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेच्या स्थापनेत चिंतामणराव देशमुख यांचा पुढाकार होता. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्येच त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. जोसेफ अ‍ॅलन स्टाईन यांनी बांधलेल्या त्या वास्तूत कोणतेही ऐतिहासिक चिन्ह नाही. अंगणे, झाडी, जाळ्या आणि उघडे काँक्रीट एवढ्यावरच तिची भारतीयता उभी आहे. अभ्यासक सामान्यतः सेंटरला श्रेष्ठ ठरवतात. परंतु दोन्हींचे काम भिन्न होते, हे विसरून चालत नाही. तिथे निवडक सदस्यांनी निवांत बोलावे अशी अपेक्षा होती. विज्ञान भवनाला मात्र शंभर देशांच्या छायाचित्रांत भारत म्हणून दिसायचे होते.

उल्लेखनीय परिषदा व प्रसंग

युनेस्कोच्या पाठोपाठ १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या वार्षिक सभा, १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे तिसरे महाधिवेशन आणि १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन येथे झाले.

विज्ञान भवनाच्या इतिहासातील सर्वांत गजबजलेले वर्ष १९८३ होय. अलिप्ततावादी राष्ट्रांची सातवी शिखर परिषद मुळात १९८२ मध्ये बगदादला व्हायची होती. इराण-इराक युद्धामुळे ते अशक्य झाले आणि यजमानपद भारताकडे आले. ७ मार्च १९८३ रोजी फिदेल कास्त्रो यांनी अध्यक्षपदाची सूत्रे इंदिरा गांधी यांच्या हाती दिली. त्या वेळी व्यासपीठावर त्यांनी इंदिराजींना दिलेले आलिंगन वृत्तछायाचित्रांमुळे जगभर पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या शासनप्रमुखांची बैठक भरली. दिल्लीतील औपचारिक सत्रांनंतर हे नेते अनौपचारिक चर्चेसाठी गोव्याला गेले आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरील त्यांचे निवेदन गोवा जाहीरनामा या नावाने प्रसिद्ध झाले. भवनात नसलेली गोष्ट, म्हणजे समुद्रकिनारा, गोव्याने पुरवली असे म्हणता येईल.

आंतरराष्ट्रीय परिषदांखेरीज राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वितरण, निवडणूक आयोगाच्या पत्रकार परिषदा, निरनिराळ्या खात्यांचे समारंभ असे वर्षभराचे काम येथे चालते. १८ व्या लोकसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम १६ मार्च २०२४ रोजी येथूनच जाहीर झाला.

समारंभाखेरीज संघर्षाचीही नोंद या वास्तूच्या नावावर आहे. तीन कृषी कायद्यांविरोधात दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकरी संघटना व केंद्र सरकार यांच्यातील वाटाघाटींच्या फेऱ्या डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात विज्ञान भवनात झाल्या. ३ डिसेंबरच्या बैठकीत शेतकरी नेत्यांनी सरकारी भोजन नाकारून सोबत आणलेले लंगरचे जेवण घेतले. ३० डिसेंबरला मंत्र्यांनीही त्यांच्याबरोबर तेच अन्न घेतले. २२ जानेवारीची फेरी निष्फळ ठरल्यावर चर्चा थांबली. कायदे मागे घेण्याची घोषणा त्यानंतर दहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली.

महाराष्ट्राशी संबंध

दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रथम भरले ते १९५४ मध्ये, म्हणजे विज्ञान भवन उभे राहण्याच्या दोन वर्षे आधी. त्या ३७ व्या संमेलनाचे उद्घाटन नेहरूंनी केले, काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्षस्थानी वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. पुढे मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थांकडे सोपवले गेले. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ही योजना आकाराला आली त्या यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्रे येथील. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे.

दिल्लीतील दुसरे संमेलन ७१ वर्षांनी आले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी ९८ व्या संमेलनाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते विज्ञान भवनात झाले. स्वागताध्यक्ष शरद पवार होते. संमेलनाध्यक्ष लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर या सांगलीच्या असून, हे पद लाभलेल्या त्या सहाव्या महिला होत. अशा रीतीने दिल्लीच्या दोन्ही संमेलनांचे अध्यक्षपद कृष्णाकाठाकडे गेले. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस युनेस्कोने १९९९ मध्ये घोषित केलेला आहे. ज्या संघटनेसाठी हे भवन बांधले गेले तिच्याच दिवशी तेथे मराठीचा उत्सव व्हावा हा योग उल्लेखनीय आहे. उद्घाटनानंतरची सत्रे मात्र तालकटोरा स्टेडियममध्ये झाली. दिंड्या, ग्रंथविक्रीचे मंडप व हजारोंची वर्दळ असे संमेलनाचे स्वरूप आणि सुरक्षाव्यवस्थेतून निमंत्रितांनाच प्रवेश देणारे शासकीय सभागृह यांचा मेळ एका उद्घाटनापलीकडे बसणे कठीणच होते.

मराठी चित्रपटाचाही येथे वारंवार सन्मान झालेला आहे. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा 'श्यामची आई' (१९५३) भवन बांधले जाण्यापूर्वीच गौरवला गेला होता. त्याच कथेवर आधारलेल्या नव्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार २३ सप्टेंबर २०२५ रोजी विज्ञान भवनातील समारंभात प्रदान करण्यात आला.

नवी परिषदगृहे आणि भवितव्य

मोठ्या जागतिक परिषदांना आज लागणारी जागा विज्ञान भवनात मावत नाही. २६ जुलै २०२३ रोजी प्रगती मैदानावर भारत मंडपम् खुले झाले. त्याच्या सर्वांत मोठ्या दालनाची क्षमता ७,००० आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात जी-२० शिखर परिषद तेथे भरली आणि १७ सप्टेंबरला द्वारका येथे यशोभूमी या आणखी मोठ्या संकुलाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय परिषदगृह हे विज्ञान भवनाचे अनौपचारिक बिरुद तेव्हापासून भारत मंडपम्‌कडे गेले आहे.

२०१९ मध्ये हाती घेतलेल्या सेंट्रल व्हिस्टा योजनेत राजपथाच्या (आताचा कर्तव्य पथ) दोन्ही बाजूंच्या सरकारी इमारती पाडून त्या जागी सामायिक केंद्रीय सचिवालय उभारण्याचे ठरले. पाडावयाच्या इमारतींत शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवन, निर्माण भवन यांच्याबरोबर विज्ञान भवनही आहे. नव्या संकुलात स्वतंत्र केंद्रीय परिषद केंद्राची तरतूद आहे. या मालिकेतील कर्तव्य भवन-३ चे उद्घाटन ६ ऑगस्ट २०२५ रोजी झाले. योजनेचे समर्थक जुन्या इमारतींतील अपुरी जागा, देखभालीचा खर्च व विखुरलेली कार्यालये यांकडे बोट दाखवतात. विरोधक म्हणतात की, स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकाची वास्तू या योजनेत वारसा म्हणून मोजलीच गेलेली नाही.

या मतभेदाला एक ताजा दाखला आहे. ज्या जागी भारत मंडपम् उभे आहे तेथे राज रेवाल यांनी आराखडा केलेले व महेंद्र राज यांनी अभियांत्रिकी सांभाळलेले हॉल ऑफ नेशन्स हे १९७२ चे प्रदर्शनगृह होते. काँक्रीटच्या त्रिमितीय सांगाड्यामुळे ते जगभर अभ्यासले जाई. ते वाचवण्याची मागणी झाली तेव्हा दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने किमान ६० वर्षांच्या वास्तूंचाच विचार करण्याची भूमिका घेतली. प्रदर्शनगृह तेव्हा ४५ वर्षांचे होते आणि एप्रिल २०१७ मध्ये ते पाडण्यात आले. विज्ञान भवनाने साठ वर्षांची ही मर्यादा २०१६ मध्येच ओलांडलेली आहे.